दृष्टांताची मर्यादा आणि लक्षणाची शुद्धी

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या निरूपणात दृष्टांताला मोठे स्थान आहे. ब्रह्मविद्येचा विषय इंद्रियांना अगोचर आहे. तो श्रोत्याच्या बुद्धीत उतरावा म्हणून स्वामींनी गावातील, शेतशिवारातील आणि घरादारातील ओळखीच्या वस्तू व माणसे निरूपणास आणली. पुढे केशिराजबासांनी या दृष्टांतांचे संकलन केले. त्या दृष्टांतपाठात 114 दृष्टांत असून त्यांची रचना तीन अंगांची आहे : आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र व दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक केशिराजबासांचे. ही रचना केवळ पाठांतराच्या सोयीसाठी असावी असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु तिच्यात फार मोठा विवेक आहे. काय सांगावयाचे ते सूत्र ठरवते, दृष्टांत ते दाखवतो आणि दार्ष्टांतिक दृष्टांताला कुंपण घालते. दृष्टांतातील कोणता अंश सिद्धांताकडे न्यावयाचा आणि कोणता तेथेच सोडून द्यावयाचा, हे दार्ष्टांतिकावाचून कळत नाही.

लोकव्यवहारात मात्र पहिले आणि तिसरे अंग गळून पडते व मधले अंग एकटेच हिंडू लागते. सभेत, बाजारात, कचेरीत, क्वचित धर्मपीठावरही, कोणीतरी एक गोमटी उपमा देतो किंवा एखाद्या शब्दाची आपल्या सोयीची व्याख्या करतो, आणि ऐकणाऱ्यांच्या माना डोलू लागतात. काही सिद्ध झालेले नसते. मन तेवढे वळलेले असते. ज्या मार्गात अहिंसेचा आचार कायिक, वाचिक आणि मानसिक असा तिन्ही अंगांनी पाळावयाचा, त्या मार्गातील माणसाला हा प्रश्न अलंकारशास्त्राचा म्हणून बाजूला सारता येत नाही. दुसऱ्याच्या बुद्धीला न विचारता त्याचे मन वळवणे ही वाचेने केलेली हानी आहे की नाही, याचा निर्णय त्याला करावा लागतो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की दृष्टांत स्वतः काहीही सिद्ध करीत नाही. नैयायिकांनी परार्थानुमानाचे पाच अवयव सांगितले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. त्यांत उदाहरण तिसरे आहे. त्याच्या आधी हेतू उभा असावा लागतो. पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे, जसे स्वयंपाकघरात. स्वयंपाकघर पर्वतासारखे आहे म्हणून अग्नी सिद्ध होत नाही. धूर आणि अग्नी यांचा न चुकणारा संबंध तेथे पाहिलेला असतो, म्हणून सिद्ध होतो. हेतू काढून घेतला की मागे नुसते साम्य उरते. अशा नुसत्या साम्यावर उभारलेल्या खंडनाला न्यायशास्त्राने 'साधर्म्यसमा' असे नाव दिले आणि 24 जातींत, म्हणजे असत् उत्तरांत, तिला पहिल्याच स्थानी बसवले.

जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. तो दृष्टांतपाठात आहे, बौद्धांच्या उदानात आहे आणि जैन आचार्यांच्या निरूपणातही आहे. जैनांनी त्यावरून अनेकांताचा सिद्धांत मांडला : प्रत्येकाचे सांगणे अंशतः खरे. बौद्ध परंपरेत तोच दृष्टांत परस्परांशी भांडणाऱ्या मतवाद्यांचे अज्ञान दाखवण्यासाठी येतो. आज सभांतून तोच सांगून 'म्हणून सगळी मते सारखीच' असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः ज्याला त्या सर्वांचे सांगणे अपुरे वाटते, त्याने पूर्ण हत्ती पाहिलेला असला पाहिजे. नाहीतर ते अपुरे आहे हे त्याला कळणार कसे? एकच दृष्टांत जर इतक्या निरनिराळ्या सिद्धांतांची सेवा करतो, तर त्यांपैकी एकाही सिद्धांताचे प्रामाण्य त्या दृष्टांतातून आलेले नाही. ते अन्यत्र शोधले पाहिजे. दृष्टांत समजण्याला साहाय्य करतो, मानण्याला आधार देत नाही. हा भेद सुटला की चतुर वक्त्याचे काम सोपे होते.

शब्दाचा गौण अर्थ आणि मुख्य अर्थ यांची अदलाबदल करून केलेल्या फसवणुकीला शास्त्रात 'उपचारछल' म्हणतात. मंच ओरडतात असे कोणी म्हटले तर मचाणावर बसलेले राखणदार ओरडतात असा त्याचा अर्थ. त्यावर 'लाकडे कशी ओरडतील?' असे विचारणारा छल करतो. हा छल उलट्या दिशेनेही चालतो. गौण अर्थाने दिलेले नाव हळूहळू मुख्य अर्थाने घेतले जाते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. याचे उदाहरण शोधण्यास यवतमाळ जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

या जिल्ह्यात आणि एकूण वऱ्हाडात कापसाला 'पांढरे सोने' म्हणतात. ही उपमा एका अंशाने योग्य आहे. कापूस हे नगदी पीक. तो विकला की हाती रोकड येते. परंतु साम्य तेवढेच. सोने पेटीत ठेवले तर वर्षानुवर्षे तसेच राहते. कापूस घरात भरून ठेवला तर त्याचे वजन घटते, रंग पिवळसर होतो, घरातल्या माणसांच्या अंगाला खाज सुटते आणि आगीची धास्ती असते ती वेगळीच. सोन्याला पावसाची वाट पाहावी लागत नाही; जिल्ह्यातील बहुतेक कपाशी कोरडवाहू, मृगाकडे डोळे लावून बसणारी. सोने गहाण ठेवून कर्ज मिळते. कपाशी पेरण्यासाठीच कर्ज काढावे लागते. 1970 च्या दशकात सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेच्या काळात शासन ठरल्या भावाने कापूस घेत असे, तेव्हा त्या उपमेला काही टेकू तरी होता. तो टेकू गेला, उपमा राहिली. शेतकऱ्याचे कर्ज एका शब्दाने झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पाऊस, भाव, बियाण्याचा खर्च ही कारणे आहेतच. पण ज्याने आपल्या शेतात सोने पेरले असे मनात धरले, तो तोट्याचा हिशेब आधी मांडत नाही. बियाणे विकणारा, कर्ज देणारा आणि मत मागणारा या तिघांनाही ती उपमा सोयीची असते. म्हणून तिचे दार्ष्टांतिक कोणी सांगत नाही.

याहून गंभीर उदाहरण 'औषध' या शब्दाचे आहे. कीटकनाशकाला खेडोपाडी औषध म्हणतात. कपाशीवर औषध मारले, असे सहज बोलले जाते. मूळ कल्पना दृष्टांताचीच आहे : पीक हा रोगी, कीड हा रोग आणि फवारा हे औषध. पिकाच्या बाजूने पाहता हा दृष्टांत चालतो. पाठीवर पंप घेऊन ओळीतून चालणाऱ्या मजुराच्या बाजूने तो चालत नाही. कारण त्याला काही रोग झालेला नाही, आणि जे त्याच्या श्वासात व कातडीत शिरते ते निव्वळ विष आहे. 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम या वस्तूला विषच समजतात. डब्यावर रंगीत त्रिकोण छापावा लागतो. लाल त्रिकोण सर्वांत तीव्र विषाचा, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. डबा विष म्हणतो आणि जीभ औषध म्हणते. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात डोळ्यांची दृष्टी अंधुक झालेली माणसे खाटांवर पडलेली होती. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. कपाशीची वाढलेली उंची, मिसळून मारलेली द्रव्ये, हातमोजे व मुखपट्टी यांचा अभाव अशी अनेक कारणे त्या वेळी सांगण्यात आली. त्या कारणांच्या पंक्तीला एका शब्दाचेही पान मांडले पाहिजे. ज्याला घरचे, दुकानदार आणि शेजारी सगळे औषध म्हणतात, त्यापासून तोंड झाकून घ्यावे असे माणसाला सहजी सुचत नाही. पुढे त्याच डब्यातील द्रव पिऊन कोणी जीव दिला की वर्तमानपत्रात 'विषारी औषध प्राशन केले' असे छापून येते. मरण आल्यावर तेवढे 'विषारी' हे विशेषण जोडले जाते. येथे कोणी एकाने जाणून फसवले असे नाही. दार्ष्टांतिक हरवलेला दृष्टांत फसवणाऱ्यावाचूनही फसवतो, हे यावरून दिसते.

आता लक्षणाचा, म्हणजे व्याख्येचा विचार करावा. लक्षणाचे तीन दोष प्रसिद्ध आहेत. 'कपिल वर्णाची ती गाय' म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'शिंगे असलेली ती गाय' म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'एका खुराची ती गाय' म्हटले तर जगातील एकही गाय सापडत नाही, हा असंभव. वादशाळेत हे दोष शिष्याच्या गुणांना मुकवतात. व्यवहारात ते माणसांना मुकवतात.

कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी या जिल्ह्याचे नाव देशभर झाले, ही कोणालाही भूषणावह गोष्ट नव्हे. अशा कुटुंबांना एक लाख रुपयांचे साहाय्य देण्यासाठी महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2005 आणि जानेवारी 2006 मध्ये निर्णय काढले. साहाय्याचा हेतू स्तुत्य होता, आणि पैसा सार्वजनिक असल्याने काही निकष लागणार हेही उघड होते. नापिकी, बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज, आणि त्याच्या वसुलीचा तगादा, असे निकष ठरले व प्रत्येक प्रकरणावर 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा पडू लागला. ज्याने दुसऱ्याचे शेत मक्त्याने वा बटाईने केले, ज्याच्या नावे सातबारा नाही, ज्याने परवाना नसलेल्या सावकाराकडून उसने घेतले, तो या लक्षणात बसणे अवघड. शेतात राबणाऱ्या स्त्रीच्या नावे तर जमीन क्वचितच असते. ही उघड अव्याप्ती आहे. दोष एवढ्यावर थांबत नाही. 'अपात्र' याचा मूळ अर्थ 'या साहाय्यास अपात्र' इतकाच. बोलता बोलता त्याचा अर्थ 'ही शेतकऱ्याची आत्महत्याच नव्हे' असा होतो. शिवाय 'पात्र' हा शब्द दानधर्माच्या परंपरेतून आला आहे. सत्पात्र आणि कुपात्र यांचा वास त्याला येतो. घरातला कर्ता गेलेल्या विधवेला जेव्हा 'तुमचे प्रकरण अपात्र' असे सांगितले जाते, तेव्हा मेलेल्या माणसाच्या योग्यतेवरच कोणी ठपका ठेवला असे तिला वाटले तर तो तिचा गैरसमज म्हणता येणार नाही. 'निकषात बसत नाही' एवढे म्हणूनही काम भागले असते.

लक्षण बदलले की संख्या बदलते, याचे उदाहरण देशाच्या नोंदींतही आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात 2013 साली शेतकरी आत्महत्यांची संख्या 11772 होती. 2014 साली ती 5650 वर आली. शेतकऱ्याचे दुःख एका वर्षात निम्मे झाले असे वाटावे. परंतु त्याच वर्षी 'शेतमजूर' असा निराळा वर्ग प्रथम करण्यात आला आणि त्यात 6710 मृत्यू नोंदले गेले. दोन्हींची बेरीज 12360 होते. वर्ग निराळे करण्यात दोष नाही; शेतमजुराचे दुःख निराळे आहे आणि त्याची निराळी नोंद व्हावी हे योग्यच. दोष आहे तो बदललेल्या लक्षणाची संख्या जुन्या लक्षणाच्या संख्येशेजारी ठेवून घट झाली असे सांगण्यात. ज्या वादात दोन्ही पक्ष एक शब्द दोन अर्थांनी वापरतात, त्या वादाला निर्णय नसतो. आणि जेव्हा एकच पक्ष मध्येच शब्दाचा अर्थ बदलतो, तेव्हा निर्णय त्याच्याच बाजूने लागतो.

दृष्टांत आणि लक्षण हे दोन्ही एकत्र आले म्हणजे काय घडते, हे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने दाखवले. त्याच्या समर्थनार्थ असे सांगण्यात आले की या देशात विणकराचा मुलगा विणकर आणि सुताराचा मुलगा सुतार होतो. त्याचप्रमाणे गुन्हा करणेही वंशपरंपरेने चालत असले पाहिजे. नुसत्या साधर्म्यावर उभी असलेली ही उपमा कायद्यात शिरली आणि तिचे लक्षण झाले : अमुक कुळात जन्मला तो गुन्हेगार. सुताराचे पोर बापाच्या हाताखाली वाकस धरायला शिकते तेव्हा सुतार होते, जन्मतः नाही, एवढा भेदही कोणी पाहिला नाही. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. तरी गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या बेड्याकडे बोट दाखवण्याची सवय विदर्भात अजून पुरती गेलेली नाही. कायद्याची कलमे रद्द करता येतात. जिभेवर बसलेले लक्षण तसे रद्द होत नाही.

याचा अनुभव महानुभाव पंथाइतका क्वचितच कोणाला असेल. ज्याचा अनुभाव महान तो महानुभाव. उच्चारात झिजून त्याचा 'मानभाव' झाला, त्यात वावगे काही नाही. परंतु पुढे मराठीत 'मानभावी' हे विशेषण गोड बोलून फसवणाऱ्या ढोंग्याला लागू झाले. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण सर्वश्रुत आहे. ती नीट पाहिली तर तिच्यात पंथाची निंदा नाही, उलट साक्ष आहे. मानभावाचे बोलणे मृदू आणि अहिंस असते हे लोकांना मान्य होते, म्हणूनच म्हणीत विरोध उभा राहतो. म्हणीतला ढोंगी मानभाव नव्हे. मानभावाची वाणी उसनी घेणारा दुसराच कोणी आहे. पण दृष्टांतातील उपमानालाच दोष चिकटला, आणि खोट्या नाण्याचा आळ खऱ्या नाण्यावर आला. पंथाचे ग्रंथ दीर्घकाळ सकळ लिपीत आणि इतर सांकेतिक लिप्यांत राहिले. त्यामुळे त्यांचे रक्षण झाले. परंतु बाहेरच्या माणसाला पंथाचे लक्षण पंथाच्या वाणीतून ऐकण्याची सोय उरली नाही, आणि जे रिकामे राहिले ते इतरांनी भरले. विसाव्या शतकात लिपींचा उलगडा होऊन ग्रंथ छापले जाऊ लागले तेव्हा विद्वानांची मते पालटली. शब्दकोशातील अर्थ मात्र तसाच आहे.

या म्हणीत आणखी एक पद आहे, त्याकडेही पाहिले पाहिजे. 'मानभाव' या पदावरील अन्यायाने व्यथित होणाऱ्याने 'कसाब' या पदाविषयी काय म्हणावे? हिंसा सदोष आहे, हा सिद्धांत अढळ आहे. तरी एका धंद्यातील सगळ्या माणसांच्या अंतःकरणाचे लक्षण त्या धंद्यावरून करणे ही अतिव्याप्तीच आहे. आपल्या बाजूची अर्धी म्हण खोडून उरलेली अर्धी तशीच बोलत राहणाऱ्याने लक्षणाची शुद्धी केली असे होत नाही. त्याने केवळ आपला कैवार घेतला.

हाच न्याय मठातही लावावा लागेल. 'रोग्याने वैद्याला औषधातील द्रव्ये विचारू नयेत, तसे शिष्याने गुरूला कारण विचारू नये' असा दृष्टांत अनेक संप्रदायांच्या प्रवचनांतून ऐकू येतो. तो ऐकताच प्रश्न करणारा गप्प बसतो, आणि गप्प बसवणे हेच पुष्कळदा त्याचे प्रयोजन असते. लीळाचरित्र मात्र प्रश्नांनी भरलेले आहे. भटोबास विचारतात, म्हाइंभट विचारतात, बाइसा विचारतात, आणि सर्वज्ञ उत्तर देतात. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निरूपिले, हे जपून ठेवण्यासाठी पूर्वाचार्यांनी 'प्रकरणवश' तयार केले. सूत्राला त्याच्या प्रसंगातून उपटून हवे तेथे लावू नये, ही काळजी त्यामागे आहे. ज्या परंपरेने ईश्वरवचनालाही प्रसंगाचे कुंपण राखले, तिच्या उपदेशकाने आपल्या उपमांना मोकाट सोडावे हे विसंगत आहे.

यावर कोणी म्हणेल की सामान्य श्रोता इतका विचार करीत नाही. त्याला उपमेनेच वळवावे लागते, आणि सन्मार्गाकडे वळवले तर बिघडले काय? या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. दृष्टांतावाचून निरूपण कोरडे होते हे खरे. परंतु जो नुसत्या उपमेने सन्मार्गाला लागला, तो उद्या अधिक गोमट्या उपमेने दुसरीकडे वळेल. त्याच्यापाशी थांबण्याचे कारण काहीच नसेल. शिवाय ज्या श्रोत्याला मठात उपमेपुढे मान तुकवण्याची सवय लागली, तो बाजारात 'पांढरे सोने' आणि 'औषध' या शब्दांपुढेही तशीच मान तुकवील. त्या सवयीचे मोल यवतमाळच्या शेतात किती पडते ते वर आले आहे.

म्हणून ऐकणाऱ्याने आणि त्याहून अधिक बोलणाऱ्याने काही प्रश्न जवळ ठेवावेत. उपमा बाजूला काढली तर उरलेले सूत्र काय, आणि ते उपमेवाचूनही मान्य होते का? साम्य किती अंशाने आहे, आणि वैधर्म्य नेमके कोठे सुरू होते? व्याख्येतून कोण बाहेर राहिला, आणि जो बाहेर राहिला त्याला तसे विचारले होते का? व्याख्या आधी ठरली की निष्कर्ष आधी ठरला? आणि हीच उपमा, हेच लक्षण, बोलणाऱ्यावर उलटले तर तो ते मानील का? या प्रश्नांना पांडित्य लागत नाही. ग्रामसभेत बसलेला शेतकरी ते विचारू शकतो, फवारणीचा पंप पाठीवर घेण्यापूर्वी मजूर ते विचारू शकतो, आणि निरूपण ऐकताना उपदेशी स्त्री-पुरुषही ते विचारू शकतात. विचारणाऱ्याला उद्धट म्हणू नये. त्याने दार्ष्टांतिक मागितले आहे. ते देणे हे दृष्टांत सांगणाऱ्याचे काम आहे.